एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्सनी २०२० च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात तो) पहिल्या फेरीत जॉर्डन लव्हला घेतलं, ते चुकलं का?

खेळाडू बरोबर निवडला, वेळ मात्र महागात पडली. आदल्या मोसमात १३-३ अशी कामगिरी करून संघ एनएफसीच्या (लीगमधल्या दोन गटांपैकी एका गटाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) एरन रॉजर्स ३६ वर्षांचा होता, त्याला हवा होता रिसीव्हर, म्हणजे त्याने फेकलेला चेंडू झेलणारा. पॅकर्सनी निवडीचा ३० वा आणि चौथ्या फेरीतला १३६ वा क्रमांक मायामी संघाला देऊन २६ वा मिळवला आणि त्यावर चक्क दुसरा क्वार्टरबॅक, लव्ह, उचलला! रिसीव्हर टी हिगिन्स ३३ व्या, तर रिसीव्हर मायकल पिटमन ३४ व्या क्रमांकावर दुसऱ्या संघांकडे गेला. चाहते अजून चिडतात ते यावरून, आणि ते रास्तच आहे.

लव्हचा कॉलेजातला शेवटचा मोसमही धास्ती वाटावी असाच: २० टचडाउन (गुण मिळवून देणारे पास), १७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). तीन वर्षं बाकावर काढून २०२३ मध्ये तो नियमित खेळला, तेव्हा हेच आकडे ३२ आणि ११ झाले. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, डॅलस संघाला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ हरवलं.

खरा फटका बसला तो करारात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. त्या स्वस्तातल्या करारातली तीन वर्षं बाकावर गेली. २०२४ मध्ये पुढच्या चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलरचा करार करावा लागला.