दुःखान्त प्रेमकथेच्या कवितेत उपमा-रूपकांनी वातावरण कसं तयार होतं?

इंग्रज कवी आल्फ्रेड नॉइजच्या 'द हायवेमन' या कवितेतले अलंकार ओळखता येतात, पण त्यांनी 'मूड' कसा तयार होतो ते परीक्षेत लिहिता येत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात, नौपाड्यात, इंग्रजीच्या शिकवण्या घेते आणि ही अडचण मुलांकडून सतत ऐकते. शाळेपासून आपण उपमेय कुठलं, उपमान कुठलं एवढंच शोधतो. तो अलंकार पुढे कवितेत काय करतो, हे विचारायचं राहून जातं.

ज्यांनी कविता वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा सांगते. एका वाटमाऱ्याचं सराईच्या मालकाच्या मुलीवर, बेसवर, प्रेम असतं. चांदण्यात परत येईन असं सांगून तो जातो. राजाचे शिपाई येतात, बेसला बांधतात, तिच्या छातीशी बंदूक लावून त्याच्यासाठी दबा धरतात. टापा ऐकू येताच ती स्वतः चाप ओढते. त्या आवाजाने तो सावध होऊन माघारी फिरतो, पण पहाटे खरं कळल्यावर वेडापिसा होऊन परत येतो आणि रस्त्यावर मारला जातो.

कविता 1906 सालची. बॅगशॉट हीथ या माळरानाच्या कडेला राहत असताना, सोसाट्याच्या वाऱ्याच्या रात्री नॉइजला तिची पहिली ओळ सुचली. सुरुवातीलाच तीन रूपकं येतात: वारा म्हणजे अंधाराचा लोंढा, चंद्र म्हणजे ढगांच्या समुद्रात हेलकावणारं भुताळी गलबत, रस्ता म्हणजे चांदण्याची फीत. मी मुलांना याच ओळी साध्या करून लिहायला सांगते. 'वारा सुटला होता, आभाळ ढगाळ होतं, चांदण्यात रस्ता दिसत होता.' ही झाली हवामानाची बातमी. मूळ ओळींत मात्र एकही माणूस यायच्या आधीच काहीतरी बुडणार असं वाटू लागतं. नॉइज इथे 'सारखा' म्हणतच नाही. वारा लोंढ्यासारखा नाही, तो लोंढाच आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला बाजूला उभं राहून बघायला जागा उरत नाही.

आता ती फीत धरून पुढे जा, कारण खरी गंमत तिथे आहे. फीत मुलीच्या केसांत शोभते आणि बेस खरोखरच केसांत गडद लाल प्रेमगाठ, म्हणजे प्रेमाची खूण म्हणून बांधलेली फितीची गाठ, गुंफत बसलेली असते. दुसऱ्या भागात रस्ता पुन्हा फीत होतो, पण आता त्यावरून शिपाई येतात. शृंगाराची वस्तूच मारेकऱ्यांची वाट होते.

लाल रंगाचंही तेच. त्याचा मखमली कोट, तिची गाठ, शिपायांचे डगले, मग रक्त. वर्गातल्या एका मुलीने हे सगळे शब्द लाल पेनाने गोल केले, कागद जरा लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "मॅम, रक्त शेवटी येतच नाही, ते पहिल्यापासून आहे." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

आपल्या काव्यशास्त्रात चांदणं हा शृंगाराचा उद्दीपन विभाव, म्हणजे मनातला भाव चेतवणारी गोष्ट. नॉइज तेच चांदणं आधी भेटीच्या वचनाला वापरतो, मग वाट पाहायला, मग मरणाला. बेस चाप ओढते तेव्हा बंदूक आधी चांदणं फोडते आणि मग तिची छाती. करुण रस इतका घट्ट होतो, कारण प्रेमाचं आणि मृत्यूचं साहित्य एकच आहे.

आणि त्याचं मरण? ते भर दुपारी, सोनेरी उन्हात. गलबत नाही, फीत नाही. मखमल आणि गळ्याशी झालर असलेला तो देखणा माणूस कुत्र्यासारखा मारला जातो, एवढी एकच ओबडधोबड उपमा. माझ्या मते अख्ख्या कवितेतली ही सगळ्यात धाडसी जागा आहे. आधीची सजावट नसती, तर ती इतकी लागली नसती.

उत्तर लिहिताना सगळे अलंकार गोळा करू नका. रस्ता किंवा लाल रंग, एकच घ्या, तो प्रत्येक वेळी कुठे येतो आणि तिथे काय घडतं ते क्रमाने लिहा. त्याआधी दुसरा भाग एकदा मोठ्याने वाचा, टापांच्या आवाजाची ओळ तर नक्कीच. तो आवाज जवळ येत जातो तशी वाक्यंही आखूड होत जातात, आणि हा मुद्दा नुसत्या डोळ्यांनी वाचून सहसा सापडत नाही.