मुखवटा इतक्यात काढू नकोस

तुझ्या कथेचा मसुदा वाचला. नायक आणि खलनायिका दुसऱ्याच पानावर मिठीत? अरे, एवढी घाई कशाला! या जोडीची सगळी गंमत अडून राहण्यात आहे. तो तिला पकडू शकतो, पण हात क्षणभर उशिरा पुढे जातो. तेवढंच लिही.

बॅटमॅनचंच बघ. १९४० साली ‘बॅटमॅन’ कॉमिकच्या पहिल्या अंकात त्याची खलनायिका कॅटवूमन आली, तेव्हा ती नुसती ‘द कॅट’ होती. म्हातारीच्या वेशातली दागिनेचोर, हार घोट्याच्या बँडेजमध्ये लपवलेला. शेवटी ती निसटते आणि तिच्यामागे धावणाऱ्या रॉबिनला, आपल्याच साथीदाराला, बॅटमॅन स्वतःच आडवा येतो. मिठी नाही, वचन नाही, तरी कळायचं ते कळतं.

आणि तुझ्या खलनायिकेला नुसती मादक करू नकोस. तिच्या पोशाखावर सहा ओळी, चोरीच्या कारणावर अर्धी! मुखवट्याचाही उपयोग कर. नायकाचे फक्त ओठ आणि हनुवटी दिसतात, म्हणून ती त्याच्या आवाजातला बदल टिपते.

त्याचं खरं नाव तिला कळण्याचा प्रसंग मात्र राखून ठेव. माझ्या पहिल्या कथेत मी तो तिसऱ्याच प्रकरणात उधळला, मग पुढे दोघांना बोलायला काही उरलंच नाही.