बी.एड. की ग्राफीन? चोपड्याच्या एका वडिलांना उत्तर

रामराम भाऊ,

पत्र मिळालं. मुलगी अमळनेरला बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला ग्राफीनमध्ये धातूचे अणू घालण्यावर संशोधन करायचंय आणि नातेवाईक म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. “पेन्सिलीच्या शिशात धातू घालून पोट भरतं का?” असं तुम्ही विचारलंय.

ग्राफीन म्हणजे त्याच शिशातल्या ग्राफाइटचा एक थर, जेमतेम एका अणूच्या जाडीचा. 2004 मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी तो साध्या चिकटपट्टीने सोलून काढला. 2010 चं नोबेल त्यांना मिळालं. तुमच्या घरी खापरावर मांडे होत असतील. मांडा खापराला धरून बसला की अख्खा सुटत नाही. सिलिकॉन कार्बाइड नावाच्या कठीण स्फटिकावर वाढवलेला कार्बनचा पहिला थर असाच खाली धरलेला असतो आणि ग्राफीनसारखा वागतच नाही. निर्वात पात्रात त्यावर सोन्याची वाफ बसवून तापवलं, की सोन्याचे अणू थराखाली शिरतात, पकड सुटते आणि ग्राफीनचे गुण दिसू लागतात. लिथियम शिरवलं तर ते स्वतःचे इलेक्ट्रॉन थराला देतं. म्हणजे कुठला धातू, किती आणि कुठे, यावर त्या थराची वीज वाहण्याची तऱ्हा ठरते. तुमच्या मोबाइलच्या बॅटरीतही चार्जिंग होताना लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्येच जाऊन बसतं. विषय हवेतला नाही, भाऊ.

तरीही ग्राफीनच्या नावावर निर्णय घेऊ नका. विषय बदलत राहतात. हाताला लागलेलं काम टिकतं. निर्वात यंत्रणा चालवणं, पातळ थर बसवणं, इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजणं हे येणारी माणसं सेमीकंडक्टर, सोलर आणि बॅटरीच्या कामात लागतात. मात्र हे काम चिकाटीचं. पात्राच्या जोडावर हवा अडवणारी तांब्याची रिंग बसवून सगळे बोल्ट समान आवळायचे, यंत्रणा तासन्‌तास तापवायची आणि एवढं करून कुठे हवा शिरताना दिसली की पुन्हा पहिल्यापासून. यात तिचा जीव रमतो का, हे तिलाच विचारा.

रमत असेल तर एम.एस्सी.साठी तिने जॅमची, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची, तयारी लावावी. परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज त्याआधीच भरावा लागतो. नंबर नाही लागला तर जळगावच्या आपल्या विद्यापीठात एम.एस्सी. करावी, त्यात कमीपणा काही नाही. पुढे नेट-जेआरएफ, म्हणजे देशपातळीवरच्या परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएच.डी. करताना सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात, तुमच्यावर भार पडत नाही. पण कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात, हेही तिला आत्ताच सांगा. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं; उलट ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर दोन्ही लागतात.

इंदूर तुम्हाला पुण्यापेक्षा जवळ. तिथल्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून त्यांतून प्रखर क्ष-किरण काढणारं मोठं यंत्र, आहे आणि असल्या थरांतले इलेक्ट्रॉन मोजायची सोयही आहे. कॉलेजच्या सरांकडून रीतसर पत्र घेऊन भेटीची परवानगी मागा आणि पोरीसोबत तुम्हीही जा.