कुडाळ परिसरात स्थानिक शेतकऱ्यांचा माल कुठे आणि कसा विकत घ्यावा?

बदलीमुळे कुडाळला राहायला आल्यापासून बाजारात सगळा माल बाहेरूनच आलेला दिसतो, मग येथे पिकणारे मिळते तरी कुठे, असे आपण विचारले आहे. मी याच तालुक्यातला, त्यामुळे अनुभवावरून लिहितो.

आपले निरीक्षण बरोबर आहे. कोबी, फ्लॉवर, बटाटा हे घाटावरूनच येणार. त्यांत स्थानिक माल शोधण्यात अर्थ नाही. बुधवारच्या आठवडा बाजारात मोठी दुकाने मागे टाकून कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या बायकांकडे जावे. गावठी केळ्यांची एक फणी, चार नारळ, अळूच्या जुड्या, शेजारी दोन काकड्या असा थोडाथोडका आणि सरमिसळ माल व्यापाऱ्याकडे कधी नसतो. ‘ह्या खंयचा?’ एवढेच विचारावे. घरचा माल असेल तर गावाबरोबर वाडीचेही नाव ऐकायला मिळते. दुपारच्या एसटीने त्या परततात, म्हणून अकराच्या आत पोहोचलेले बरे. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्याही त्यांच्याकडेच मिळतात.

मे महिन्यात मात्र आगळ घ्यायला विसरू नये. रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, सालींना मीठ लावून ठेवले की जो रस सुटतो तो आगळ. सोलकढीला लागते ते हेच. साखर घालून केलेले कोकम सरबत वेगळे, आणि नवखी माणसे नेमकी येथे फसून सरबताचीच सोलकढी करू पाहतात. आगळ बहुधा जुन्याच बाटल्यांत भरलेले असते, त्याला नाक मुरडू नये. बाटली उजेडासमोर धरावी: रंग काळपट लाल हवा. थेंबभर जिभेवर घेतल्यावर खारट-आंबट झिणझिणी येऊन डोळे बारीक झाले पाहिजेत. सहज पिता आले तर त्यात पाणी आहे असे खुशाल समजावे. मिठामुळे ते वर्षभर टिकते, म्हणून आम्ही एकदाच भरून ठेवतो.

हापूसच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. महामार्गालगत एका विक्रेत्याकडून ‘देवगड’ म्हणून पेटी घेतली आणि घरी उघडली तर तळाला कानडी वर्तमानपत्र! फळ दिसायला उत्तम होते, पण साल जाड आणि गर फिका पिवळा. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी रस्त्याकडेला ते कोण तपासणार? तेव्हापासून मी ओळखीच्या बागायतदाराकडूनच अढीतला आंबा घेतो. अशी ओळख कार्यालयातल्या सहकाऱ्यांमधूनच निघेल, कारण येथे प्रत्येकाचा कोणी ना कोणी बागवाला असतोच.

काजूचेही थोडे तसेच आहे. कारखाना सिंधुदुर्गातला असला म्हणजे बी येथलीच असे नव्हे. आफ्रिकेतून आयात केलेली बीही देशात मोठ्या प्रमाणावर फोडली जाते. म्हणून ‘गावठी बी आहे का’ असे स्पष्ट विचारावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेकड्यावर विकले जाणारे ओले काजूगर मात्र हमखास आसपासचेच असतात. महाग वाटले तरी उसळीपुरते घ्यावेत.

तांदळासाठी दुकानात न जाता दिवाळीनंतर जवळच्या भातगिरणीवर चौकशी करावी. भात भरडायला आलेल्या शेतकऱ्यांपैकी कोणाकडे विकण्याइतका उकडा किंवा लाल तांदूळ आहे, हे गिरणीवाल्याला पक्के ठाऊक असते.

मासे घ्यायला सुट्टीच्या दिवशी मालवण, निवती किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सकाळीच जावे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढलेली असेल तर ताजे बांगडे, तारले तेथेच मिळतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेव्हा ‘आताच आलेला’ सुरमई दाखवणाऱ्याकडे जरा संशयाने पाहावे. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे खाडीचे मासे नाहीतर मे महिन्यात भरून ठेवलेली सुकट आणि सुके बांगडे चालतात.