वाचकांचे प्रश्न : सुट्टीत गावाकडे माउंटन बाइक

प्रश्न : दिवाळीत आम्ही चौघे अडावदजवळच्या गावी आठवडाभर जाणार आहोत. मुलगी १६ वर्षांची, मुलगा १२ वर्षांचा. सगळ्यांकडे गिअरच्या माउंटन बाइक आहेत, पण सवय शहरातल्या डांबरी रस्त्यांची. फार दमछाक न होता रोज किती आणि कुठे चालवावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : किलोमीटर ठरवण्याआधी शिवारातली जमीन समजून घ्या. चोपडा-यावल भागात तापीकडून सातपुड्याकडे जाताना तीन पट्टे लागतात. नदीकाठी गाळाच्या जमिनीत पाण्याने कोरलेल्या घळी, मध्ये कापूस-केळीची सपाट काळी, आणि डोंगराच्या पायथ्याशी मुरूम-गोट्यांची हलकी जमीन. घळींतल्या वाटा नकाशावर छोट्या दिसतात, पण ताठ उतार आणि लगेच तेवढाच ताठ चढ असा त्यांचा प्रकार असतो. १२ वर्षांच्या मुलाला घेऊन तिकडे जाऊ नका. तुमच्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे काळी संपून मुरूम सुरू होतो तो भाग. तिथे चाक रुतत नाही आणि चढही मारक नसतो.

निघताना तोंड उत्तरेला ठेवा. जमीन सातपुड्याकडे हळूहळू चढत जाते. म्हणजे गारव्यात चढ होतो आणि ऊन लागल्यावर परतीला उतार मिळतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता फक्त ओलांडायचा, त्यावरून चालवायचं नाही. केळीचे ट्रक आणि कापसाचे ट्रॅक्टर त्याच रस्त्याने असतात. अगदी सपाट हवं असेल त्या दिवशी हतनूरच्या कालव्याकडेचा रस्ता धरा. पाण्याच्या बाजूला मोठ्यांनी राहायचं, मुलांनी आतल्या बाजूला.

वेळेचा हिशेब असा : शेतरस्त्यावर कुटुंबाचा वेग ताशी १२ किलोमीटर धरा, गोटाळ वाटेवर ८. दर १०० मीटर चढाला १२ मिनिटं जास्तीची. २० किलोमीटरची शेतरस्त्याची फेरी आणि १५० मीटर चढ म्हणजे साधारण दोन तास, वर अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला निघालात तर नऊ वाजता घरी. ऑक्टोबरच्या उन्हात दहानंतर बाहेर राहण्याचं काहीच कारण नाही.

पहिल्या दिवशी १० किलोमीटरच करा. बसण्याची उंची, ब्रेक, कोणाचे हात दुखतात, हे सगळं त्या दिवशी कळतं. पुढच्या दिवसांत एकच मोठी फेरी आखण्यापेक्षा घर मध्ये ठेवून दोन छोट्या फेऱ्या आखा. एक उत्तरेला, घरी नाश्ता, मग दुसरी पूर्वेला किंवा पश्चिमेला. मुलगा थकला तर दुसरी त्याने सोडायची, बाकीच्यांचा दिवस वाया जात नाही. तीन दिवस चालवून एक दिवस मोकळा ठेवा. उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याची फेरी त्या मोकळ्या दिवसानंतर घ्या, पाय ताजे असतात. त्यापुढच्या जंगलवाटांवर वनरक्षकाला विचारल्याशिवाय शिरू नका.

पाणी तासाला माणशी ६०० ते ७०० मिलिलिटर. ओआरएसचं मोठं पाकीट अख्ख्या एक लिटरमध्ये घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या बाटलीत टाकलं की प्रमाण चुकतं. खायला केळी आणि शेंगदाणा-गुळाची चिक्की पुरे.

शेतातून जाताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. वाटेवर आडव्या आलेल्या ठिबकच्या नळ्यांवरून सायकल उचलून न्या. नळी चिरली तर त्या ओळीचं पाणी जातं आणि नुकसान शेतकऱ्याचं. दुसरी, रानडुकरांसाठी बांधावर झटका मशीनची, म्हणजे विजेचा धक्का देणारी, तार असते. ती संधिप्रकाशात दिसत नाही, म्हणून संध्याकाळी साडेपाचला चाकं घरी असलीच पाहिजेत.

प्रश्न : पारोळ्याकडे मामांच्या गावी गेलो की रोज दोन-तीन पंक्चर ठरलेली. जाड टायर घेऊनही तेच. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पावसाळ्यानंतर बांधावरची कुपाटी (काट्यांचं कुंपण) नव्याने घातली जाते आणि बाभूळ-बोरीच्या छाटलेल्या फांद्या वाटेवर पडतात. कडेला वाळलेले सराटे असतात. म्हणून कडेने न चालवता गाडीच्या चाकोरीतून चालवा. पंक्चर निम्म्याने कमी होण्याचा सर्वांत सोपा उपाय हाच आहे.

टायर ट्यूबलेस करता येत असेल तर जरूर करा. २९ इंची चाकात १०० मिलिलिटर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. उष्णतेने ते लवकर सुकतं, त्यामुळे दर दोन महिन्यांनी उघडून पाहा. काटा उपसला की ते भोक खाली येईल असं चाक फिरवून धरा, म्हणजे द्रव तिथे साचतो.

ट्यूब असेल तर उलट. सराटा रुतलेला दिसतो पण हवा टिकून आहे, तर तो घरी पोहोचेपर्यंत उपटू नका. काटाच बूच असतो. पंक्चर काढताना ट्यूब टायरशेजारी व्हॉल्व्ह जुळवून धरा, भोकावरून टायरमधली काट्याची जागा सापडते. मग टायर आतून कापसाच्या बोळ्याने पुसा; मोडलेलं टोक कापूस धरतं आणि बोट वाचतं. हे न केल्यानेच नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. सोल्युशनचा थर पातळ लावा, चकाकी जाईपर्यंत वाळू द्या, मगच पॅच. ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हात सरकतो.

हवा : ७० किलोचा माणूस, २.१ ते २.२ इंची टायर आणि ट्यूब असेल तर मागे ३२, पुढे २८ पीएसआय. याहून फार कमी ठेवली तर गोट्यावर आदळून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. तो काटा नव्हे, तिथे हवा वाढवा. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, गावातल्या पंक्चरवाल्याची नळी त्याशिवाय बसत नाही.

प्रश्न : अवकाळी पाऊस झाला तर किती दिवस थांबावं? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : मुरमाड वाट चांगल्या उन्हात अर्ध्या दिवसात चालू होते. काळीला दोन-तीन दिवस द्या. ओली काळी टायरला थर धरते, फोर्कमध्ये दाटते आणि चाक अडकतं. त्यावर जोर करून पेडल मारलं की मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आरांत ओढला जातो आणि तो ज्यावर बसवलेला असतो तो हँगर मोडतो. चाक जड लागताच उतरा, काडीने चिखल काढा, सायकल उचलून कडेला न्या. घरी धुताना बेअरिंगवर पाण्याचा जोरदार फवारा नको.

प्रश्न : शहाद्याहून तोरणमाळचा घाट मध्यम फेरीत बसेल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : नाही. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे, शहाद्यापासून चढ जवळपास हजार मीटरचा. सायकली गाडीने वर न्या आणि यशवंत तलाव, सीताखाई या परिसरात चालवा. उतरायचंच असेल तर ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा. दर दहा मिनिटांनी थांबून डिस्क गार होऊ द्या. लिव्हर दांड्याला टेकू लागला तर ब्रेक तापले आहेत, पुढे चालवू नका. निघण्याआधी पॅडचा थर मोजा : एक मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर नवे पॅड बसवूनच घाटात जा.