तगर की अनंत? आणि तगर तरी कुठली?

गुहागरहून एका ताईंनी विचारलंय : "वईजवळ कमरेएवढं झुडूप आहे. पानं गर्द हिरवी, चकचकीत, समोरासमोर. फुलं पांढरीशुभ्र, लहानशा गुलाबासारखी भरगच्च. दिवसा वास नाही, रात्री किंचित येतो. नर्सरीवाल्याने गार्डेनिया म्हणून दिलं, सासूबाई तगर म्हणतात. बरोबर शब्द कुठला?"

सासूबाईंचा. एक पान खुडा, देठातून दुधासारखा चीक येईल. (हात लगेच धुवा.) गार्डेनिया म्हणजे आपला अनंत, त्याला असा चीक नसतो, पानं कधी कधी तीन-तीनच्या फेऱ्यात येतात आणि वास भरदुपारीही अंगणभर पसरतो. फूल मात्र दोन-तीन दिवसांत पिवळं पडतं, नाव अनंत असूनही! 'गार्डेनिया'तला गार्डन म्हणजे बाग नव्हे बरं का, ते 18व्या शतकातल्या अलेक्झांडर गार्डन या डॉक्टरचं आडनाव.

पण खरी गंमत 'तगर' या शब्दातच आहे. संस्कृत वैद्यकग्रंथांतलं तगर म्हणजे हिमालयात होणाऱ्या एका रोपाचं सुगंधी मूळ. ते औषधात आणि धुपात पडतं. काष्ठौषधींच्या दुकानात आजही 'तगर द्या' म्हटलं तर तेच पुढे येतं. ते तगर नपुंसकलिंगी. आपल्या दारची ती तगर. दोघांचं नातं फक्त नावापुरतं, तेव्हा कुठल्या काढ्यात तगर लिहिलंय म्हणून हे झुडूप उपटू नका.

मग या झुडपाला संस्कृतात काय म्हणतात? नंद्यावर्त. आवर्त म्हणजे भोवरा. एकेरी तगरीच्या पाच पाकळ्या एकाच बाजूला वळलेल्या असतात, अगदी भिंगरीसारख्या, म्हणून हे नाव चपखल बसतं. मल्याळममधलं नंद्यार्वट्टम त्याचंच रूप, कन्नडमधल्या नंदिबट्टलुतही 'नंदि' आहेच. आपण मात्र मुळीचं नाव फुलाला दिलं आणि भोवरा विसरलो. काही घरांत हिला चांदणीही म्हणतात. ते नाव मला तगरीपेक्षा गोड वाटतं.

तुमची तगर डबल, त्यामुळे भिंगरी पाकळ्यांच्या गर्दीत लपलीय. उमलायच्या बेतातली कळी बघा, पीळ तिथे दिसेल. आणि सासूबाईंच्या माहेरी एकेरीला काय म्हणायचे, तेही विचारून कळवा.