वाचकांचे प्रश्न : मागच्या ॲक्सलमधला नवा क्राऊन-पिनियन

प्रश्न : माझी गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी आहे. क्राऊन-पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं, असा नवा जोड आणलाय. जुन्याचा रेशो 3.73 होता (क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे तेवढे फेरे), याचा 4.10. ब्रेक, क्लच, ॲक्सलची सीलं मी घरीच बदलतो. जुन्या शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) होत्या तशाच टाकायच्या आणि मॅन्युअलमधला बॅकलॅश जुळवायचा, की काम झालं, असं मित्र म्हणतो. खरं का?
– एक हौशी वाचक

उत्तर : मित्राचं निम्मं बरोबर आहे. त्याच निम्म्यावर विसंबल्यामुळे मी माझं पहिलं डिफरन्शियल (क्राऊन-पिनियन ज्यात बसतात ते) तीनदा खोललं. बॅकलॅश अगदी पुस्तकातला होता, 0.20 मिमी. गाडी रस्त्यावर आली आणि साठच्या पुढे मागच्या सीटखाली कुणी शंख फुंकतंय असा आवाज सुरू झाला. बॅकलॅश म्हणजे दातांमधली फट, एवढंच. पिनियन क्राऊनच्या पोटात किती आत शिरलंय ते ही फट सांगत नाही. पिनियन चुकीच्या खोलीवर असलं तरी क्राऊन इकडेतिकडे सरकवून हवा तो आकडा आणता येतो. मी नेमकं तेच केलं होतं.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. क्राऊन ज्यावर बसतो ते केज नव्या रेशोला चालतं का? रेशोचा आकडा वाढला की पिनियन लहान होतं, म्हणून क्राऊनला त्याच्या जवळ यावं लागतं. डाना 44 या ॲक्सलमध्ये 3.73 पर्यंत एक केज आणि 3.92 पासून वर दुसरं लागतं. तुमच्या ॲक्सलमध्ये अशी सीमा असेल तर तुम्ही नेमके तिच्या दोन बाजूंना आहात. गाडी चारही चाकांवर चालणारी असती तर पुढचा ॲक्सलही त्याच रेशोचा करा म्हटलं असतं. 3.73 वरून 4.10 म्हणजे त्याच वेगाला इंजिन सुमारे 10 टक्के जास्त फिरणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

गाडी उचलताना लक्षात असू द्या : प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा) सुटला की गिअरमध्ये टाकून ठेवण्याला अर्थ उरत नाही, आणि मागच्या चाकांचे शाफ्ट ओढले की हँडब्रेकलाही नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, गाडी स्टँडवर घ्या, जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

खोलताना बेअरिंगच्या कॅपवर पंचने डावं-उजवं खूण करा. त्या हौसिंगसोबतच तासलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. क्राऊनचे बोल्ट फिरवण्याआधी आटे बघा, काही ॲक्सलमध्ये ते उलटे असतात. नवे बोल्टच वापरा. नवा क्राऊन केजवर बोल्टांनी ओढून बसवू नका, तो तिरका बसतो. उकळत्या पाण्यात गरम करा, हाताने सरकेल. क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा क्रमांक सारखा आहे ना, तेही बघून घ्या. ते दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, भलत्याशी संसार करत नाहीत.

आता मूळ काम, पिनियनची खोली. जुन्या शिम सुरुवातीला टाकायला हरकत नाही, पण सुरुवातीलाच. शिम बदलायला पिनियनच्या डोक्याकडचा कोन (बेअरिंगचा आतला भाग) दरवेळी प्रेसने काढायचा-बसवायचा म्हणजे कोनही खराब होतो आणि माणूसही. मी एका जुन्या कोनचं आतलं भोक घासून सैल करून ठेवलंय, तो हाताने निघतो. नवा कोन अगदी शेवटी बसवते. चाचणीच्या वेळी क्रश स्लीव्ह (नट आवळताना चिरडून बेअरिंगवरचा ताण जुळवणारी नळी) घालायचीच नाही, पिनियनचा नट बेताने आवळायचा.

क्राऊनच्या तीन-चार दातांना मार्किंग पेस्ट लावा, पिनियनला फडक्याने रोध द्या आणि क्राऊन दोन्हीकडे फिरवा. पेस्ट कुठे पुसली गेली ते बघा. ठसा दाताच्या शेंड्याकडे असेल तर पिनियन दूर आहे, शिम जाड करा. मुळाकडे असेल तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करा. आधी 0.1 मिमीचा फरक करा, म्हणजे ठसा कुठल्या दिशेने सरकतो ते डोळ्याला कळतं, मग 0.05 ने. पिनियन हललं की बॅकलॅशही बदलतो, तो दरवेळी पुन्हा जुळवावा लागतो. त्यासाठी केजच्या एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घाला, म्हणजे बाजूच्या बेअरिंगवरचा ताण तसाच राहतो. बॅकलॅश डायल गेजने क्राऊनवर चार ठिकाणी मोजा. पुष्कळ गाड्यांत तो 0.15 ते 0.25 मिमीच्या आसपास असतो, पण शब्द तुमच्या मॅन्युअलचा.

मला या सगळ्याला दोन दिवस लागले होते. तुम्ही एका दुपारचा बेत केला असेल तर मोडा.

ठसा पटला की नवी क्रश स्लीव्ह, नवं सील. ही स्लीव्ह चिरडायला लांब नळी लावूनही घाम फुटतो आणि मग अचानक हलकी वाटते. तिथेच मी नट पाव फेरा जास्त फिरवला आणि चिडून मागे घेतला. मागे घेऊन काही उपयोग नसतो, चिरडलेली स्लीव्ह परत लांब होत नाही. म्हणून दोन आणून ठेवा. थोडं आवळा, मोजा, थोडं आवळा. पिनियन फिरवायला लागणारा जोर काटा दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने मोजा, ‘टक’ वाजणाऱ्याने तो कळत नाही.

शेवटी ऑइल. क्राऊन-पिनियनचे हे तिरपे, हायपॉइड दात एकमेकांवर घसटतात, बहुतेक ठिकाणी जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल लागतं. पहिल्या वेळी 20-25 किमी सावकाश चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. साधारण 800 किमीला ऑइल बदला, तोवर मागे काही ओढू नका.

प्रश्न : गिअर बदलून आठवडा झाला. ॲक्सिलरेटर दाबला की शांत, पाय काढला की गुणगुण. चाकाचं बेअरिंग असेल का?

उत्तर : मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवून बघा. आवाज कमी-जास्त झाला तर चाकाच्या बेअरिंगवर संशय. नाही झाला तर आधी पिनियनचा नट ढिला झालाय का ते बघा आणि मग कव्हर काढून पुन्हा पेस्ट लावा. जोर देताना दाताची एक बाजू काम करते, पाय काढल्यावर दुसरी. बसवताना ठसा एकाच बाजूचा बघितला असेल.